समजून घ्या : मशीन थरथरतंय, तरी संगणकावरचा आलेख सरळ का? कारखान्यातल्या वेगवान सेन्सरची नोंद कशी ठेवतात?

२६ मे २०१६ रोजी डोंबिवली एमआयडीसीतल्या प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये स्फोट झाला. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, त्याच औद्योगिक परिसरातल्या अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. दोन्ही वेळा किमान १० जणांचा जीव गेला आणि दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या.

या दोन दुर्घटनांची कारणं हा वेगळा विषय आहे. पण कुठल्याही कारखान्यात काही बिघडलं की पहिला प्रश्न एकच असतो : शेवटच्या काही सेकंदांत नेमकं काय झालं? उत्तर सेन्सरच्या नोंदींत असतं. अट एवढीच की नोंद पुरेशा वेगाने झालेली हवी.

पीएलसी म्हणजे काय?

वागळे इस्टेट असो की डोंबिवली एमआयडीसी, आज बहुतेक स्वयंचलित यंत्रांच्या कंट्रोल पॅनलमध्ये पीएलसी असतो, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत वाहन उद्योगासाठी तो तयार झाला. त्याआधी हे काम रिले आणि वायरींच्या जंजाळाने व्हायचं.

पीएलसी तीन कामं न थांबता करत राहतो : सेन्सर वाचायचे, प्रोग्रॅम चालवायचा, मोटर किंवा व्हॉल्व्हला आदेश द्यायचा. या एका फेरीला 'स्कॅन' म्हणतात. एक स्कॅन साधारण काही मिलिसेकंदांत पूर्ण होतो. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

मग अडचण कुठे येते?

ऑपरेटर पीएलसीकडे थेट बघत नाही, तो स्काडाची स्क्रीन बघतो. स्काडा हे संगणकावरचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा सेकंदातून एकदाच पीएलसीला विचारतं, 'आता दाब किती?' दोन प्रश्नांच्या मधल्या काळात जे घडतं, त्याची नोंद राहत नाही.

वीज पुरवठ्याचं उदाहरण घ्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. व्होल्टेज फक्त पाच आवर्तनं, म्हणजे १०० मिलिसेकंद खाली गेलं तरी कॉन्टॅक्टर सुटून मशीन बंद पडू शकतं. सेकंदाला एक नोंद ठेवणाऱ्या आलेखात मात्र व्होल्टेज आधीही ठीक, नंतरही ठीक. मग वीज कंपनी कारखान्याकडे बोट दाखवते, कारखाना वीज कंपनीकडे आणि पुरावा कोणाकडेच नसतो.

पाण्याचंही तसंच. मोठ्या पाइपलाइनवरचा पंप अचानक बंद पडला किंवा व्हॉल्व्ह झटकन बंद झाला, की दाबाची लाट उठते. तिला 'वॉटर हॅमर' म्हणतात. स्टीलच्या पाइपमध्ये ही लाट सेकंदाला सुमारे १ किलोमीटर वेगाने धावते. सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारं पाणी एकदम थांबलं, तर दाब सुमारे १० बारने उसळतो. पाइप फोडायला हा क्षणभराचा दाब पुरतो, पण संथ नोंदीत तो सापडेलच असं नाही.

आलेख खोटं कसं बोलतो?

नुसतं निसटणं परवडलं. कधी कधी आलेख चक्क चुकीचं चित्र दाखवतो.

एखादी मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. तिच्या कंपनाची नोंद दर सेकंदाला एकदाच घेतली, तर प्रत्येक नोंदीच्या वेळी शाफ्ट फिरून त्याच जागी आलेला असतो. आकडा दरवेळी तोच आणि आलेख सरळ रेषा! मोटरचा वेग जरा कमी-जास्त झाला, तर प्रत्यक्षात नसलेली एक संथ लाट दिसू लागते. याला 'एलियसिंग' म्हणतात. सिनेमात गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात, तोच हा प्रकार.

नियम असा की सिग्नलमध्ये जी सर्वात वेगवान हालचाल असेल, तिच्या दुपटीहून अधिक वेगाने नोंद घ्यावी. व्यवहारात आलेखाचा आकार नीट दिसावा म्हणून दहापट धरतात. २४ हर्ट्झच्या कंपनासाठी सेकंदाला सुमारे २४० नोंदी.

वेगवान नोंद कशी घेतात?

संगणकाने जास्त वेळा विचारून काम भागत नाही, कारण नेटवर्कवर प्रत्येक उत्तराला लागणारा वेळ सारखा नसतो. म्हणून नोंद पीएलसीच्या आतच करतात.

• ठरलेला ठेका : स्कॅनचा वेळ कमी-जास्त होतो. त्यामुळे नोंदीसाठी स्वतंत्र टास्क ठेवतात, जो दर १ किंवा २ मिलिसेकंदांनी चालतोच.

• दोन डबे : पीएलसीच्या मेमरीत दोन बफर असतात. एक भरत असताना दुसऱ्यातल्या नोंदी गठ्ठ्याने संगणकाकडे जातात.

• वेळेचा शिक्का : नोंदीची वेळ पीएलसीने लावायची, संगणकाने नाही. एकापेक्षा जास्त पीएलसी असतील तर सगळ्यांची घड्याळं जुळलेली हवीत. नाहीतर आधी काय झालं आणि नंतर काय, हेच ठरवता येत नाही.

• ट्रिगर : सतत सगळं साठवण्याऐवजी शेवटची काही सेकंद मेमरीत फिरती ठेवतात. मशीन ट्रिप झालं की त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी जतन होतात. विमानाच्या ब्लॅक बॉक्ससारखंच.

एवढं करूनही इनपुट मॉड्यूलच मंद असेल तर उपयोग नाही. विजेचा गोंगाट गाळण्यासाठी अनेक ॲनालॉग मॉड्यूल २० मिलिसेकंदांची सरासरी काढतात. ते सेकंदाला हजार वेळा वाचलं, तरी तोच शिळा आकडा पुन्हा पुन्हा मिळतो.

एवढ्या नोंदी दाखवायच्या कशा?

आठ सेन्सर, सेकंदाला १००० नोंदी आणि प्रत्येक नोंद ४ बाइट धरली, तर दिवसाला सुमारे पावणेतीन जीबी डेटा होतो. एका सेन्सरच्या एका तासाच्या ३६ लाख नोंदी होतात. स्क्रीनची रुंदी मात्र १९२० पिक्सेल, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला जवळपास १९०० नोंदी.

इथे सरासरी काढली की क्षणिक उसळी गायब होते. म्हणून प्रत्येक पिक्सेलसाठी त्या भागातली सर्वात कमी आणि सर्वात जास्त किंमत, दोन्ही दाखवतात. दूरून पाहिलं तरी टोक दिसतं आणि झूम केल्यावर तपशील.

मग सगळंच वेगाने नोंदवायचं का?

नाही. मोठ्या टाकीचं तापमान सावकाश बदलतं, तिथे सेकंदाला एक नोंदही भरपूर झाली. उलट बेअरिंगमधल्या बारीक दोषाची कंपनं काही हजार हर्ट्झपर्यंत जातात. तिथे साधा पीएलसी अपुरा पडतो आणि कंपन मोजणारं खास मॉड्यूल लागतं.

आणि सर्वात महत्त्वाचं : नोंद म्हणजे सुरक्षा नव्हे. दाब वाढला की तो सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि प्रक्रिया आपोआप थांबवणारी स्वतंत्र यंत्रणा यांना पर्याय नाही. चांगली नोंद स्फोट थांबवत नाही. पण आज क्षणभर उसळून गेलेला दाब ती दाखवते, आणि तो उद्या पुन्हा उसळण्याआधी दुरुस्तीला वेळ मिळतो.