रस्ता शहराचा, नाका वेशीवर

आज रस्त्यांवर बोलू, आणि कोल्हापुरात रस्त्यांवर बोलायचं म्हणजे टोल आलाच.

पण सुरुवात राजारामपुरीपासून. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, असं मोजत चौदावीपर्यंत जाता येतं. पत्ता चुकायची सोयच नाही. संस्थानकाळात आखून वसवलेली वस्ती ती. स्वातंत्र्यानंतर मात्र उलटं झालं. १९७२ ला महानगरपालिका आली, शहराची हद्द काही वाढली नाही. घरं थोडीच थांबतात? ती आर. के. नगर, कळंबा, उचगावकडं पसरत गेली. राहायला ग्रामपंचायतीत, शाळा, दवाखाना, नोकरी गावात. (आमच्याकडं शहरालाही 'गाव'च म्हणतात.) सगळ्या गाड्या त्याच जुन्या रस्त्यांवर.

मग आला एकात्मिक रस्ते विकास प्रकल्प. सुमारे ५० किलोमीटर रस्ते, खर्च २२० कोटी. महापालिकेकडं एवढा पैसा नव्हता, म्हणून 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' हा मार्ग. महापालिका, राज्याचं रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी कंपनी असा तिहेरी करार झाला. कंपनीला ३० वर्षं टोल, शिवाय टेंबलाईवाडीची जागा.

आणि नाके बसले नऊ. शिरोली, शिये, फुलेवाडी, उचगाव, आर. के. नगर, कळंबा... यादी वाचली की ध्यानात येतं: जिथं नवी घरं होत होती, बरोबर तिथंच. करार केला महापालिकेनं, आणि हद्दीबाहेरच्या माणसाला तिथं मतच नाही. माझ्या मते घोळाची मुळी इथं होती. रस्त्याचा दर्जा, कामाचा हिशोब हे वाद नंतरचे.

१७ ऑक्टोबर २०१३ ला वसुली सुरू झाली. मी तेव्हा अकरावीत. क्लासला दांडी मारून मोर्चा बघायला गेलो, तर पुढं एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे. दोघंही ऐंशीच्या आसपासचे, आणि आम्ही पोरं मागं धापा टाकतोय! जानेवारी २०१४ मध्ये नाके जाळले गेले. ते मला तेव्हा भारी वाटलं होतं, आज तसं वाटत नाही. पुढं हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, वसुली बंद, पुन्हा चालू.

१६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येताना पानसरेंवर गोळ्या झाडल्या. २० तारखेला ते गेले. टोल रद्द झाल्याची घोषणा त्याच वर्षाच्या शेवटी झाली. कंपनीचे पैसे राज्य सरकारनं भागवायचे ठरलं, म्हणजे बिल शेवटी कोल्हापूरबाहेरच्यांनीही भरलं.

२०१७ मध्ये हद्दवाढीऐवजी ४२ गावांचं प्राधिकरण झालं. माझा मामा कळंब्याच्या बाजूला राहतो. हद्दवाढीचा विषय निघाला की तो म्हणतो, "नको रे बाबा, घरफाळा वाढतोय." आणि सकाळी साडेनऊला गाडी काढून गावाकडंच निघतो.