तुमचे गुण तुम्हीच मोजा: १९६७ ची मोजपट्टी आणि आमच्या दादाची फाइल

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण सुरुवात होते पुण्यातल्या एका ऑफिसात. एसी जोरात, भिंतीवर मेपलच्या पानाचं भलंमोठं पोस्टर, आणि टेबलापलीकडे एक कन्सल्टंट. अलीकडे आम्ही तिघं: दादा, वहिनी आणि मी. दादा ३७ वर्षांचा, मेकॅनिकल इंजिनिअर. वहिनी ३२ ची, फिजिओथेरपिस्ट, मास्टर्स केलेली. पाच वर्षांची पुतणी घरी आजीजवळ.

फी सांगितली एक लाख ऐंशी हजार. परीक्षा, सरकारी फी, मेडिकल सगळं वेगळं. दादाचे गुण कमी पडतायत हे बघून ते गृहस्थ आवाज खाली आणून म्हणाले, "एक्सपिरियन्स लेटर आपण जरा ॲडजस्ट करू. काम दुसऱ्या पदाचं दाखवू. सगळेच करतात."

खाली उतरून टपरीवर चहा घेतला. दादा म्हणाला, "अरे, इतकं किचकट आहे हे. आपलं आपल्याला कसं जमणार?"

हा प्रश्न डोक्यात राहिला. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे आधी डॉक्युमेंटेशन वाचायला बसलो. वाचता वाचता थेट १९०८ सालात पोचलो.

त्या वर्षी कॅनडा सरकारनं एक नियम काढला. तुम्ही ज्या देशात जन्मलात किंवा ज्या देशाचे नागरिक आहात, तिथूनच काढलेल्या तिकिटावर, प्रवास कुठेही न तोडता आलात, तरच कॅनडात उतरता येईल. वाचायला किती साधा नियम! त्यात भारताचं नावसुद्धा नाही. पण भारतातून निघालेला माणूस वाटेत बोट बदलल्याशिवाय तिकडे पोचणार कसा? शिवाय आशियातून येणाऱ्याकडे २०० डॉलर रोख हवेत, अशी अट आली. त्या काळी ही रक्कम कष्टकरी माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. म्हणजे दारावर 'प्रवेश बंद' असं लिहिलं नाही, फक्त कडी अशा उंचीवर लावली की हात पोचूच नये.

१९१४ मध्ये गुरदित सिंग यांनी हे आव्हान स्वीकारलं. त्यांनी 'कोमागाता मारू' नावाचं जपानी जहाज भाड्यानं घेतलं आणि हाँगकाँगहून निघाले. जहाजावर ३७६ प्रवासी, बहुतेक पंजाबातले शीख, काही मुसलमान आणि हिंदू. २३ मे १९१४ ला जहाज व्हँकुव्हरच्या बंदरात पोचलं. किनारा डोळ्यांसमोर होता, पण उतरायची परवानगी नव्हती. दोन महिने ही माणसं बंदरातच अडकून राहिली. आधी तिथे राहून गेलेल्या मोजक्या लोकांना उतरू दिलं, बाकीच्यांना २३ जुलैला परत फिरावं लागलं. सप्टेंबरच्या अखेरीस जहाज कलकत्त्याजवळ बजबजला लागलं, तेव्हा पोलिसांशी संघर्ष झाला, गोळीबार झाला आणि अनेक प्रवासी मारले गेले. २०१६ मध्ये कॅनडाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी संसदेत या घटनेबद्दल माफी मागितली. मधे शंभराहून जास्त वर्षं गेली होती.

आता जरा विचार करा. त्या ३७६ जणांपैकी कुणी चौकशी केली असती, "साहेब, मी पात्र व्हायला नेमकं काय कमी पडतंय?" तर त्याला काय उत्तर मिळालं असतं? काहीच नाही. कारण त्या नियमात पात्र होण्याचा रस्ताच ठेवलेला नव्हता.

स्वातंत्र्यानंतरही चित्र फारसं बदललं नाही. १९५१ च्या करारानुसार अख्ख्या भारतातून वर्षाला १५० माणसं! १९५७ मध्ये हा आकडा ३०० झाला. मग १९६२ मध्ये एलेन फेअरक्लॉ या मंत्रीबाईंनी नवे नियम आणले आणि वंश किंवा देश बघून कुशल माणसाला नाकारण्याची पद्धत बऱ्याच अंशी मोडीत निघाली. तरी एक अडचण उरलीच. अमुक माणूस 'योग्य' आहे की नाही हे ठरवायचं कुणी? समोर बसलेल्या अधिकाऱ्यानं. एक अधिकारी हो म्हणेल, दुसरा त्याच माणसाला नाही म्हणेल.

आणि इथे येतं आपल्या गोष्टीतलं खरं वळण. १ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी कॅनडात गुणांची पद्धत लागू झाली. ती घडवण्यात टॉम केंट या सनदी अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. शंभर गुणांची मोजपट्टी, पास व्हायला ५०. शिक्षण आणि प्रशिक्षणाला २०. व्यवसायाला किती मागणी आहे याला १५. कौशल्याला १०, वयाला १०, ठरलेल्या नोकरीला १०, इंग्रजी-फ्रेंचला १०. नातेवाईक असेल तर ५ आणि जिथे जायचं तिथे रोजगार असेल तर ५.

बेरीज करा. ८५ होतात ना? उरलेले १५ गुण होते अधिकाऱ्याच्या व्यक्तिगत मतासाठी. तुमची चिकाटी, जुळवून घ्यायची तयारी वगैरे. म्हणजे साहेबाची मर्जी पूर्ण गेली नाही, पण ती शंभरातल्या १५ वर आली. बाकीचे ८५ गुण बार्शीतला किंवा बेळगावातला माणूस घरबसल्या कागदावर मोजू शकत होता.

आमच्या भाषेत सांगायचं तर आधी सगळा ब्लॅक बॉक्स होता, १९६७ मध्ये त्याचं डॉक्युमेंटेशन उघड झालं. पुढे ऑस्ट्रेलियानं १९७९ मध्ये आणि न्यूझीलंडनं १९९१ मध्ये गुणांची पद्धत आणली.

ही मोजपट्टी सगळ्यांना न्याय देते असं मात्र समजू नका. ज्याला शिकायला मिळालं, इंग्रजी मिळालं, त्यालाच ती गुण देते. शेतमजुराच्या अंगातल्या कौशल्याला त्यात जवळपास जागा नाही. पण निदान काय मोजतात हे तरी कळतं.

२००२ मध्ये नवा कायदा आला. साहेबाच्या मर्जीचे गुण गेले. त्यांच्या जागी जोडीदाराचं शिक्षण, तिकडचे नातेवाईक, तिकडचं आधीचं शिक्षण किंवा काम अशा कागदावर दाखवता येणाऱ्या गोष्टी आल्या. पास व्हायची रेषा आधी ७५ होती, २००३ मध्ये ६७ झाली. ती ६७ ची चाळणी आजही आहे.

सगळं छान चाललं होतं? नाही हो. पास होणाऱ्या प्रत्येकाचा अर्ज घ्यायचा म्हटल्यावर ढीग साचला. लोक वर्षानुवर्षं थांबले. शेवटी २०१२ मध्ये सरकारनं कायदाच केला: २७ फेब्रुवारी २००८ च्या आधी आलेले आणि निर्णय न झालेले कुशल कामगारांचे अर्ज रद्द, फी परत. कुटुंबीय धरून सुमारे २ लाख ८० हजार माणसांचा हा प्रश्न होता. विचार करा, रांगेत चार-पाच वर्षं उभे आहात आणि एक दिवस रांगच बंद.

मग १ जानेवारी २०१५ पासून एक्स्प्रेस एंट्री आली. ६७ ची चाळणी पार केली की तुम्ही एका पूलमध्ये जाता. तिथे १२०० पैकी गुण मिळतात आणि सरकार वेळोवेळी वरच्यांना बोलावतं. पहिल्याच फेरीत रेषा ८८६ वर होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये, कोविडच्या काळात, कॅनडातच काम केलेल्या लोकांसाठीच्या एका फेरीत ती ७५ वर आली आणि २७,३३२ जणांना आमंत्रणं गेली. २०२३ पासून आरोग्यसेवा, फ्रेंच भाषा अशा ठरावीक गटांसाठी वेगळ्या फेऱ्या सुरू झाल्या. मार्च २०२५ मध्ये नोकरीच्या ऑफरचे जादा गुण काढून टाकले.

म्हणजे मोजपट्टी उघड आहे, पण ती बदलत राहते. ही दोन्ही वाक्यं लक्षात ठेवा, कारण आता आपण आमच्या घरी परत जातोय.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर गुणांचं कोष्टक फुकट आहे. त्यावरून एक शीट केली. तोवर आम्ही सगळे, त्या कन्सल्टंटसकट, मुख्य अर्जदार दादाच असणार असं धरून चाललो होतो. का? कुणी विचारलंच नव्हतं. घरात सगळ्या अर्जांवर पहिलं नाव त्याचंच असतं ना!

वहिनी भांडी आवरता आवरता म्हणाली, "भाऊजी, माझं नाव वर टाकून बघा की एकदा."

टाकलं. जोडीदारासह अर्ज करताना ३७ व्या वर्षी वयाचे ६० गुण मिळतात, ३२ व्या वर्षी ८५. दादाच्या पदवीला ११२, वहिनीच्या मास्टर्सला १२६. म्हणजे वय आणि शिक्षण या दोनच रकान्यांत ३९ गुणांचा फरक! शिवाय फिजिओथेरपी आरोग्यसेवेच्या गटात बसते. दादा खुर्चीत सरळ होऊन बसला. एक लाख ऐंशी हजार मागणाऱ्या माणसानं ही बेरीज केलीच नव्हती.

मग कामाची यादी केली. प्रत्येक कागदापुढे दोन तारखा: कधी मिळेल आणि कधी संपेल. कारण इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो, पदवीचं मूल्यांकन पाच वर्षं, आणि आमंत्रण आल्यावर पूर्ण अर्ज भरायला फक्त ६० दिवस असतात. विद्यापीठाकडून थेट पाठवायची ट्रान्स्क्रिप्ट आणि जुन्या कंपनीचं पत्र याला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून ते पहिलं. नुसतं 'अमुक काळ नोकरी केली' असं पत्र चालत नाही. पद, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार, सगळं हवं. पोलिसांचा दाखला पासपोर्ट ऑफिसातून.

आणि एक खास आपल्याकडची भानगड. वहिनीच्या डिग्रीवर माहेरचं नाव, मधे वडिलांचं नाव. पासपोर्टवर सासरचं आडनाव, मधे दादाचं नाव. तिकडच्या अधिकाऱ्याला या दोन वेगळ्या बायका वाटल्या तर त्याचा काय दोष? मग लग्नाचा दाखला आणि सोबत एका पानाचं सरळ स्पष्टीकरण. लग्न झालेल्या मुलींनो, हा कागद आजच शोधून ठेवा.

पैशांचंही तसंच. बाबा म्हणाले, "एफडी मोडतो, टाकतो खात्यात." मी म्हटलं, थांबा. बँकेकडून सहा महिन्यांची सरासरी शिल्लक दाखवावी लागते. अचानक आलेली मोठी रक्कम कुठून आली हे विचारतात, म्हणून ती आधीच टाकायची आणि बक्षीसपत्राचा कागद जोडायचा.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. ते 'ॲडजस्ट' केलेलं पत्र. खोटी माहिती सापडली तर अर्ज तर जातोच, वर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद. आणि सही कन्सल्टंटची नसते, तुमची असते. मूल किंवा जोडीदार सोबत येणार नसला तरी अर्जात दाखवावाच लागतो. लपवलेल्या माणसाला पुढे स्पॉन्सर करणं जवळपास अशक्य होतं.

मग कन्सल्टंट घ्यायचाच नाही का? आधी व्हिसा नाकारला गेलाय, पोलीस केस आहे, आजारपणाचा प्रश्न आहे, तर जरूर घ्या. पण कॅनडाच्या कायद्यानं पैसे घेऊन काम करायची परवानगी तिथले वकील आणि परवानाधारक सल्लागार अशा ठरावीक लोकांनाच आहे. परवानाधारकांची यादी ऑनलाइन आहे, नाव तपासा. साध्या सरळ फाइलला मात्र प्रतिनिधी लागतोच असा नियम नाही. आणि मी सांगितलेले आकडेही अर्ज भरायच्या दिवशी पुन्हा सरकारी संकेतस्थळावर पडताळा. २०१२ ची गोष्ट आठवतेय ना?

पुढे काय झालं? वहिनीचं प्रोफाइल पूलमध्ये आहे. आमंत्रण अजून आलेलं नाही, येईल की नाही सांगता येत नाही. दादा रोज सकाळी फ्रेंचचे धडे ऐकतो, उच्चार भयंकर आहेत, पुतणी त्याला हसते.

पण परवा तो शीट उघडून बसला होता. मी विचारलं, काय बघतोयस? म्हणाला, "काही नाही रे. आपण कुठे उभे आहोत आणि किती कमी पडतंय, ते बघतोय."

व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने किनाऱ्याकडे बघत थांबलेल्या माणसांना एवढंही कळायची सोय नव्हती. आपल्याला आहे. ती वापरा.

भेटू पुढच्या एपिसोडला. तोवर काळजी घ्या, आणि मुख्य अर्जदार कोण हे एकदा दोन्ही बाजूंनी मोजून बघा!