ओझ्याची व्यवस्था : स्वारगेट-गुलटेकडी परिसरातील श्रम आणि सामुदायिक आरोग्य

पुण्याच्या जुन्या पेठा जिथे संपतात आणि सातारा व सोलापूरकडे जाणारे रस्ते जिथून फुटतात, त्या स्वारगेटच्या परिसराचा इतिहास बहुधा वाहतुकीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. एसटीचे आगार, शहर बससेवेचे मुख्यालय आणि अलीकडे भुयारी मेट्रोचे स्थानक हे त्याचे ठळक टप्पे मानले जातात. मात्र या नाक्यावरून माणसांइतकाच मालही शहरात येत आला आहे, आणि तो उतरवणारे, वाहणारे, थप्पीला लावणारे व अखेर त्यातून उरलेला कचरा वेचणारे हजारो कष्टकरी स्वारगेटच्या आग्नेयेस असलेल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात व भोवतालच्या वस्त्यांत राबत आले आहेत. या कष्टकऱ्यांच्या शरीराची काळजी कोणी, कोणत्या पैशातून आणि कोणत्या रचनेतून घेतली, हा सामुदायिक आरोग्याच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे. कारण येथे जे कार्यक्रम टिकले ते आरोग्यसेवेच्या संस्थांनी आखलेले नव्हते, तर कामाच्या व्यवहारातच त्यांचा खर्च बसवण्यात आला होता.

या इतिहासाला दोन धारा आहेत. पहिली धारा व्यवसायोपचाराची, म्हणजे आजार, इजा किंवा जन्मजात व्यंग यांमुळे ज्याला रोजची कामे जमेनाशी झाली आहेत अशा माणसाला ती कामे पुन्हा करता यावीत यासाठी दिल्या जाणाऱ्या उपचारांची आहे. येथे ‘व्यवसाय’ हा शब्द पोटापाण्याच्या धंद्यापुरता मर्यादित नसून अंघोळ करणे, जेवणे, लिहिणे, स्वयंपाक करणे, कामावर जाणे अशा सर्व अर्थपूर्ण हालचालींना लागू होतो. अमेरिकेत या शाखेची पहिली राष्ट्रीय संघटना मार्च १९१७ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी, पहिल्या महायुद्धात अपंगत्व आलेल्या भारतीय सैनिकांना हाताचे कसब शिकवण्यासाठी मुंबईत क्वीन मेरी तांत्रिक शाळा सुरू झाली आणि पुढे ती पुण्याजवळ खडकीला आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. पुनर्वसनाचा विचार पुण्याला अशा रीतीने छावणीच्या बाजूने परिचित झाला. सैनिकाच्या पाठीशी सरकार उभे होते, त्याच्या जखमेची नोंद होती आणि त्याच्या निवृत्तिवेतनाचा हिशेबही होता. पेठेतल्या हमालाजवळ यांपैकी काहीच नव्हते.

व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण भारतात १९५० मध्ये मुंबईच्या परळ भागातील केईएम रुग्णालयात सुरू झाले. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहानंतर भारतात स्थायिक झालेल्या कमला निंबकर यांनी ही शाळा उभारली. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारक संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी आकाराला आलेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक सदस्य देशांत भारताचा समावेश झाला. ही कामगिरी मोठी होती यात शंका नाही, तथापि तिचे केंद्र रुग्णालयातच राहिले. रुग्णाने विभागात यावे, तेथे खिट्ट्या लावाव्यात, विणकाम किंवा सुतारकाम करून बोटांची पकड व खांद्याची हालचाल परत मिळवावी आणि घरी जावे, अशी ती पद्धत होती. घरी गेल्यावर त्याने जे ओझे उचलायचे ते किती किलोंचे आहे, हे विचारण्याची सोय त्या पद्धतीत नव्हती.

दुसरी धारा त्याच दशकाच्या मध्यावर पुण्यात सुरू झाली आणि तिने नेमका हाच प्रश्न आधी विचारला. वैद्यकीचे शिक्षण घेऊन नाना पेठेत दवाखाना चालवणारे डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने हमाल पंचायत स्थापन झाली. तेव्हा शहराचा भुसार बाजार, म्हणजे धान्य, कडधान्य, गूळ, साखर यांचा घाऊक व्यापार, भवानी पेठ व नाना पेठ भागात एकवटलेला होता. तो पुढे गुलटेकडीला हलला. दवाखान्यातून पाहिले तर हमालाचे दुखणे म्हणजे कंबर, गुडघे, मान, हर्निया आणि खोकला अशी तक्रारींची यादी दिसते. बाजारातून पाहिले तर त्याच यादीमागे शंभर किलोंचे पोते, ठरावीक दराचा अभाव, मुकादमाच्या मर्जीवर मिळणारी वाराई आणि दुखापत झाल्यास दुसऱ्या दिवशी बुडणारी मजुरी या गोष्टी दिसतात. वाराई म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचा मोबदला; तो माणसाच्या दिवसाला नव्हे, तर नगाला मिळत असल्याने अंग मोडले तरी नग टाकणे परवडत नसे.

हे काम कसे होते हे पाहिल्याशिवाय त्यातील इजेचे कारण समजत नाही. गोणपाटाची खोळ डोक्यावरून पाठीवर सोडलेला हमाल ट्रकच्या फाळक्याशी पाठ करून किंचित वाकून उभा राहतो, वरचे दोघे पोते त्याच्या पाठीच्या वरच्या भागावर व मानेवर टेकवतात, तो एका हाताने पोत्याचा कान पकडतो, दुसऱ्या हातातील आकडी तागात रुतवतो आणि वजन पुढे झुकलेले असतानाच लहान, जलद पावलांनी गाळ्याकडे जातो. थप्पी खांद्याच्या वर गेली की त्याला फळीवरून चढावे लागते. धड पुढे झुकले असता ओझ्याचा भार कण्याच्या खालच्या मणक्यांमधील चकत्यांवर कितीतरी पटींनी वाढतो, आणि चालताना त्यात गुडघ्यांवरील धक्क्यांची भर पडते. पाठीवर ओझे टेकवणाऱ्याने ते हळू सोडले की एकदम टाकले, यावरही बरेच अवलंबून असते; म्हणूनच टोळीत एकमेकांना ‘हात देणारे’ नेहमीचे असावेत असा हमालांचा आग्रह असतो. उचलण्याची पद्धत सुधारावी म्हणून प्रशिक्षण देणे उपयोगी असले, तरी शंभर किलोंचे पोते ‘योग्य रीतीने’ उचलण्याची कोणतीही रीत नाही, हे हमालांच्या संघटनांनी शास्त्राचा आधार न मागता ओळखले होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये याच विषयावर करार आणि शिफारस असे दोन दस्तऐवज संमत केले. शिफारशीत प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो सुचवलेली आहे. पन्नास किलोंच्या पोत्याची मागणी महाराष्ट्रातील हमालांनी दीर्घकाळ लावून धरली, आणि धान्य व साखरेच्या व्यवहारात ते पोते पुढे रूढ झाले. सामुदायिक आरोग्याच्या दृष्टीने पाहता पोत्याचा आकार बदलणे हाच या परिसरातील सर्वांत प्रभावी उपचार ठरतो, जरी तो कोणत्याही रुग्णालयाच्या नोंदवहीत सापडणार नाही.

मागणी मान्य होणे आणि व्यवस्था टिकणे या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत, आणि येथे १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याचे महत्त्व येते. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी कामगारांच्या लढ्याने आणि पुण्यासह अन्य शहरांतील हमालांच्या संघटनांनी ज्या परिस्थितीकडे लक्ष वेधले होते, तिचा गाभा असा होता की हमालाला मालकच नव्हता: सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या ट्रकवर आणि संध्याकाळी तिसऱ्या व्यापाऱ्याकडे काम करणाऱ्या माणसाला भविष्य निर्वाह निधी कोणी द्यायचा, या प्रश्नाला प्रचलित कामगार कायद्यांकडे उत्तर नव्हते. नव्या कायद्याने कामगार, मालक आणि शासन या तिघांचे प्रतिनिधी असलेली मंडळे निर्माण केली. कामगार टोळीने मंडळाकडे नोंदवायचा, व्यापाऱ्यानेही नोंदणी करायची, मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही, म्हणजे अधिभार, द्यायचा, ज्यातून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी रजा आणि वैद्यकीय साहाय्य यांचा खर्च भागवला जातो. या रचनेचे वैशिष्ट्य असे की पोते हलले की आरोग्याचा निधीही आपोआप जमा होतो. देणगीदाराचे मन वळवावे लागत नाही, प्रकल्पाची मुदत संपत नाही, आणि दुखापतीनंतर विश्रांती घेणाऱ्या हमालाला ती भीक वाटत नाही. व्यापारी वर्गाने लेव्हीला वेळोवेळी विरोध केला, नोंदणी टाळण्याच्या वाटाही शोधल्या, आणि पुढे खोट्या टोळ्यांच्या नावाने खंडणी उकळण्याचे प्रकारही कायद्याच्या नावावर जमा झाले. तरीही अर्धशतकाहून अधिक काळ चाललेली अशी दुसरी व्यवस्था असंघटित श्रमाच्या क्षेत्रात देशात क्वचितच आढळते.

हमाल पंचायतीने याच्या जोडीला १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ हा उपक्रम सुरू केला. अंगमेहनतीच्या माणसाला दुपारी गरम व पोटभर जेवण परवडणाऱ्या दरात मिळावे, एवढाच त्याचा हेतू सांगितला जातो. पण १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा, सोलापूर व नगर भागांतून पुण्यात आलेल्या, घरापासून तुटलेल्या पुरुषांची संख्या लक्षात घेतली तर जेवण ही आरोग्यसेवेचीच बाब होती हे स्पष्ट होते. येथेही पैसा विक्रीतून येतो, आणि नफा हे उद्दिष्ट नसले तरी हिशेब जुळवावाच लागतो.

याच सुमारास सामुदायिक आरोग्याचे अधिक प्रसिद्ध प्रयोग महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात चालू होते. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले, तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातून डॉ. बानू कोयाजी यांनी वढू परिसरात ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. अल्मा-आटाच्या १९७८ च्या जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेत लोकसहभागाला जे स्थान दिले, आणि त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने समाजाधारित पुनर्वसनाची, म्हणजे अपंग व्यक्तीला दूरच्या केंद्रात न नेता तिच्या वस्तीत कुटुंबाच्या मदतीने उपचार देण्याची, जी कल्पना पुढे आणली, त्या दोहोंना अशा प्रयोगांची पार्श्वभूमी होती. शहरी कष्टकऱ्यांचा अनुभव या चर्चेत फारसा आला नाही, ही खेदाची गोष्ट म्हटली पाहिजे. गावाला सीमा असते, सरपंच असतो आणि आरोग्यसेविकेला घर माहीत असते, तर स्वारगेटच्या नाक्यावरील समूह घरांनी नव्हे, कामाने बांधलेला असतो. अशा ठिकाणी वस्तीपेक्षा धंदा हाच समाजाचे एकक ठरतो.

कचरावेचक स्त्रियांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक ठळक झाली. पर्वतीच्या उतारावरील आणि मार्केट यार्डालगतच्या वस्त्यांत राहणाऱ्या, बहुतांशी दलित समाजातील या स्त्रिया कचराकुंड्यांतून कागद, काच, प्लास्टिक वेचून भंगाराच्या दुकानात विकत असत; वाकणे, उकिडवे बसून निवडणे, काचेने हात कापणे आणि ओली पोती डोक्यावर चुंबळ ठेवून वाहणे हा त्यांच्या कामाचा क्रम होता. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या उभारणीत एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढशिक्षण विभागाचा मोठा वाटा होता, आणि बाबा आढाव यांचे मार्गदर्शन होते. पंचायतीने पहिल्याच टप्प्यात ओळखपत्रांचा आग्रह धरला, कारण पोलिसांच्या लेखी संशयित असलेल्या बाईला दवाखान्यातही सन्मान मिळत नाही. महानगरपालिकेने ही ओळखपत्रे प्रमाणित केली, आणि २००२-०३ पासून नोंदणीकृत कचरावेचकांच्या वैद्यकीय विम्याचा हप्ता भरण्यास सुरुवात केली. त्यामागील युक्तिवाद धर्मादायाचा नव्हता: या स्त्रिया कचरा परस्पर वेचून महापालिकेचा वाहतुकीचा खर्च वाचवतात, तेव्हा त्या बचतीतील वाटा त्यांच्या आरोग्यावर खर्च व्हावा, असा तो होता.

२००८ मध्ये ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले, तेव्हा व्यवसायोपचार ज्याला कामाच्या परिस्थितीतील बदल म्हणतो तो प्रत्यक्षात आला. कुंडीत उतरण्याऐवजी दारातून वर्गीकृत कचरा घेणे, डोक्यावरील पोत्याऐवजी ढकलगाडी वापरणे, निवडण्यासाठी शेड मिळवणे आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची विनंती नागरिकांना करणे, हे सारे उपाय इजा होण्याआधीचे आहेत. ते कोणा उपचारकाच्या शिफारशीतून आले नाहीत.

उपचारकांचा व्यवसाय याच काळात आपल्या मान्यतेच्या वाटेवर होता. महाराष्ट्राने व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेसाठी २००२ चा कायदा केला, आणि केंद्राने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा करून या शाखेला देशपातळीवर स्थान दिले. त्या कायद्यांचा रोख पदवी, नोंदणी आणि प्रमाणपत्र यांवर आहे. दरम्यान माथाडी मंडळाच्या लेव्हीचा आधार कचरावेचकांना नाही, कारण त्यांच्या कामात मजुरी मंडळात भरणारा नोंदणीकृत व्यापारी नसतो. त्यांचा विमा अंदाजपत्रकातील तरतुदीवर आणि ‘स्वच्छ’चे काम महापालिकेशी होणाऱ्या करारावर चालते. पहिला करार पाच वर्षांचा होता, आणि त्यानंतर मुदतवाढ व नव्या करारासाठी कचरावेचकांच्या पंचायतीला महापालिकेच्या दारात पुन्हा पुन्हा उभे राहावे लागले.