विमानाला सदऱ्याचे ठिगळ

लंडनच्या विज्ञान संग्रहालयात एक चिमुकले हिरवे विमान छताला टांगलेले आहे. ते पाहायला गेलो तेव्हा माझी नजर त्याच्या पंखांवरच खिळून राहिली. या पंखांना एकदा माणसांच्या सदऱ्यांचे ठिगळ लागले होते, हे मी वाचून होतो!

विमानाचे नाव ‘जेसन’. एमी जॉन्सनच्या वडिलांचा मासळीचा व्यापार होता. त्याची ही निशाणी. ५ मे १९३० रोजी ही सव्वीस वर्षांची मुलगी लंडनजवळच्या क्रॉयडनहून ऑस्ट्रेलियाकडे एकटीच निघाली. त्याआधी लंडन ते तिचे हल गाव, याहून लांब ती कधी उडाली नव्हती! बर्ट हिंकलरने १९२८ साली हाच प्रवास साडेपंधरा दिवसांत केला होता. एमी कराचीला पोचली ती त्याच्या दोन दिवस आधी.

पुढे आपल्या राणीच्या झाशीत तिला कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. पंख दुखावला; तो दुरुस्त करून ती निघाली. १३ मे रोजी मात्र रंगूनजवळ घात झाला. पाऊस कोसळत होता. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर उतरायचे, ते काही दिसेना. ती उतरली इनसीनच्या खेळाच्या मैदानावर. जागा अपुरी पडली आणि विमान धावत जाऊन चरात घुसले. प्रॉपेलर मोडला, पंख फाटला. एमीला इजा झाली नाही. पण विक्रम तेथेच हातचा गेला.

शेजारच्या तंत्रशाळेतली माणसे धावून आली. जादा प्रॉपेलर विमानाच्या कुशीला बांधलेला होता. पण कापड कोठून आणायचे? पहिल्या महायुद्धातून उरलेल्या विमानाच्या कापडाचे तेथे सदरे शिवलेले होते. ते उसवले आणि पंखाला चढवले! वर लावायचे रोगणही रंगूनमध्येच तयार झाले. एमी स्वतः परवाना मिळवलेली मेकॅनिक. तीही त्यांच्यात राबली.

१६ मे रोजी ती पुन्हा उडाली आणि २४ मे रोजी डार्विनला उतरली. ऑस्ट्रेलियापर्यंत एकटी उडत गेलेली ती पहिली स्त्री.

इनसीनला तिचे तीन दिवस फुकट गेले असे म्हणतात. मला ते पटत नाही. दिवाळीत नवा सदरा अंगात घालताना मला ते उसवलेले सदरे आठवतात, आणि वाटते, त्या सदऱ्यांनी कुणाचे अंग याहून चांगले झाकले असते काय?