ब्रेंडाचा उन्हाळा

टीनएजर्सच्या मालिका म्हटलं की आपण नाकं मुरडतो. पण 'बेव्हर्ली हिल्स, ९०२१०'चा इतिहास वाचताना मला जी गंमत सापडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ऑक्टोबर १९९० मध्ये फॉक्सवर ही मालिका सुरू झाली. लेखक डॅरेन स्टार, निर्माता ॲरन स्पेलिंग. मिनेसोटाहून श्रीमंतांच्या वस्तीत आलेली ब्रँडन आणि ब्रेंडा ही जुळी भावंडं. समोर 'चीअर्स'सारखी तगडी मालिका, त्यामुळे सुरुवातीला फारसं कोणी बघत नव्हतं. मग फॉक्सने डोकं चालवलं. अमेरिकेत उन्हाळ्यात सगळे चॅनल जुनेच भाग दाखवायचे. यांनी ११ जुलै १९९१ पासून चक्क नवे भाग सुरू केले! शाळेला सुट्टी, पडद्यावर बीच क्लब, आणि पोरं टीव्हीला चिकटली.

आता खरा मुद्दा. त्याआधी मे महिन्यात डान्सच्या रात्री ब्रेंडा आणि डिलन पहिल्यांदा एकत्र येतात. तिने विचार करून घेतलेला निर्णय, आणि नंतर ती मस्त खूश! यावर ओरड झाली. डॅरेन स्टारने नंतर सांगितलं की स्थानिक स्टेशनांचा आक्षेप संबंधांपेक्षा तिच्या आनंदावर जास्त होता. म्हणजे केलंस ते केलंस, पण निदान रडायचं तरी!

मग आमच्या भाषेत सांगायचं तर पॅच रिलीज झाला. उन्हाळ्याच्या पहिल्याच भागात ब्रेंडाला दिवस गेल्याची शंका येते. शंका खोटी निघते, पण ती घाबरून डिलनशी नातं तोडते. नैतिकतेचा हिशेब चुकता! डिलनच्या वाट्याला मात्र असली कुठलीच भीती आली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, १९९२ साली, घरचे तिला डिलनपासून लांब म्हणून पॅरिसला पाठवतात. तिथे ती फ्रेंच असल्याचं सोंग घेऊन एका अमेरिकन मुलाला भुलवते. इकडे डिलन आणि तिची मैत्रीण केली एकमेकांच्या प्रेमात. म्हणजे चुकले सगळेच, आणि हा भाग मला जास्त प्रामाणिक वाटतो. कारण इथे प्रश्न शरीराचा नाही, विश्वासाचा आहे. दुसरीकडे डोना १९९७ पर्यंत, कॉलेज संपेपर्यंत, थांबते. तिचा निर्णयही तिचाच, त्याचाही मान ठेवायला हवा.

ल्यूक पेरी २०१९ मध्ये गेला, शॅनन डोहर्टी २०२४ मध्ये. मालिका आज जुनाट वाटते, कबूल. पण 'मूल्यं' म्हणून आपण नेमकं काय जपतो, हा प्रश्न काही जुना झालेला नाही. खोटं बोलू नये, विश्वास मोडू नये, ही मूल्यं मला पटतात. मुलगी आनंदात दिसली की लगेच शिक्षा शोधायची, याला मूल्य कसं म्हणायचं?

बघा, पटतंय का.