सत्तर किलोंचं यंत्र

५ डिसेंबर २००४. बंगळूरला फेडरेशन कपची फायनल, गोव्याचा डेम्पो विरुद्ध मोहन बागान. डेम्पो २-० ने जिंकला. दोन्ही गोल ख्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझिलियन पोराचे. दुसरा गोल मारतानाच त्याची गोलकीपरशी टक्कर झाली, तो कोसळला तो उठलाच नाही. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वय २५.

यानंतर तीनच आठवड्यांनी, २६ डिसेंबरला, उत्तर आयर्लंडमध्ये फ्रँक पँट्रिज नावाचे डॉक्टर वारले. तो त्सुनामीचा दिवस, त्यामुळे आपल्याकडे कुणाचं तिकडे लक्ष जाणार? पण खेळाच्या मैदानाशी या माणसाचा संबंध मोठा आहे.

हृदय अचानक बंद पडतं तेव्हा बऱ्याचदा ते थांबलेलं नसतं, नुसतं फडफडत असतं. विजेचा झटका ती फडफड थांबवतो आणि हृदयाला आपला ठेका पुन्हा धरू देतो. (सिनेमात सरळ रेषा आली की शॉक देतात ना, ते साफ चूक!) १९४७ साली क्लीव्हलंडमध्ये क्लॉड बेक यांनी छाती उघडलेल्या १४ वर्षांच्या मुलाला असा झटका देऊन वाचवलं. १९५६ मध्ये पॉल झोल यांनी तो बंद छातीवरून देऊन दाखवला. पण यंत्र इस्पितळातच. पेशंटने तिथवर जिवंत पोचायचं!

पँट्रिज बेलफास्टला हृदयाचे डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत राहून आलेले, स्वभावाने खरखरीत. त्यांच्या लक्षात आलं की हार्ट अटॅकचे कितीतरी पेशंट पहिल्या तासाभरातच, म्हणजे इस्पितळाबाहेरच जातात. मग यंत्रच त्यांच्याकडे का नेऊ नये? १९६५ मध्ये त्यांनी गाडीच्या बॅटऱ्यांवर चालणारं यंत्र बनवून घेतलं आणि अँब्युलन्समध्ये चढवलं. वजन ७० किलो! पुढे १९६८ पर्यंत ते तीनेक किलोंवर आलं. आजचं डबाबंद यंत्र त्याचाच वारस. ते हृदयाचा ठेका स्वतः तपासतं, काय करायचं ते बोलून सांगतं, आणि गरज नसेल तर झटका देतच नाही. डॉक्टर लागत नाही, शेजारी उभा असलेला अंपायरही चालतो.

लागतो तो वेळ. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. तोवर कुणीतरी छाती दाबत राहायला हवी, हेही आलंच. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये एरिक्सन कोसळला, तेव्हा हे सगळं सीमारेषेवर तयार होतं. एका झटक्यात तो परत आला, आणि २०२४ च्या युरोत त्याने गोलही मारला.

पण तो झाला युरो कप. रविवारच्या टेनिस बॉल मॅचला सीमारेषेवर काय असतं? पाण्याचा पिंप, स्कोअरबुक आणि वडापाव. खेळणारे निम्मे चाळिशीच्या पुढचे, वर्षभर खुर्चीत बसलेले, आणि त्या दिवशी मात्र तीन धावा पळायला निघालेले. माझ्या मते यंत्राची गरज स्टेडियमपेक्षा इथे जास्त आहे.

आमच्या मैदानावर हा विषय काढला, तर वर्गणीला कुणी नाही म्हणालं नाही. वाद झाला तो यंत्र ठेवायचं कुठे यावर. बहुतेकांचं मत सामानाच्या खोलीत, कुलपात, म्हणजे चोरीला जाणार नाही. त्या खोलीची किल्ली असते रखवालदाराकडे, आणि तो येतो संध्याकाळी सहाला.