मल्लखांबाचा इतिहास आणि कोरीव चित्रांची साक्ष

मल्लखांबविद्येचे आद्य गुरु म्हणून ज्यांचा उल्लेख होतो ते बाळंभटदादा देवधर हे नासिक जिल्ह्यांतील कोठुरें गांवचे, असें परंपरा सांगते. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत (१७९६–१८१८) अली व गुलाब या मल्लांनीं पेशव्यांच्या दरबारीं आव्हान दिलें. बाळंभटांनीं वणीच्या सप्तशृंगीची आराधना केली. आणि लाकडावर कसरत करणाऱ्या वानराच्या दृष्टान्तावरून त्यांस ही विद्या सुचली, ही कथा नासिककरांस परिचित आहे. आज जो खेळ शाळाशाळांतून मुलें शिकतात, त्याच्या इतिहासाला या कथेपलीकडे आधार कोणता, असा प्रश्न येतो तेव्हां जुन्या कोरीव चित्रांकडे बोट दाखविण्यांत येतें. हीं चित्रें पुरावा म्हणून कितपत ग्राह्य आहेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम हीं चित्रें कशीं निघतात तें पाहूं. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन त्यावर सुईनें आकृति रेखाटतात. मग पत्रा अम्लांत ठेवितात, म्हणजे उघड्या पडलेल्या रेषा खोल खाल्ल्या जातात. त्यांत शाई भरून कागद दाबला कीं चित्र उमटतें. बाल्ताझार सोल्विन्स यानें कलकत्त्यास १७९६ ते १७९९ या काळांत हिंदी लोकजीवनाचीं अडीचशें चित्रें याच रीतीनें काढलीं. तांब्यावरील छपाई महाराष्ट्रासही अपरिचित नव्हती. मिरजेस १८०५ सालीं पटवर्धनांच्या आश्रयानें भगवद्गीता ताम्रपत्र्यांवरून छापली गेली.

या छपाईंत पत्र्यावरील डावें तें कागदावर उजवें होतें. म्हणून अक्षरें उलटीं कोरावीं लागतात, आणि तीं सुलट वाचतां येतात. परंतु आकृति उलटी घेण्याची दक्षता प्रत्येक कारागिराकडून घेतली जातेच असें नाहीं. तेव्हां चित्राखालील मजकूर सुलट आहे, एवढ्यावरून वरील मल्लही सुलट आहे असें अनुमान काढणें धोक्याचें होय. डाव्या पायाची अढी उजव्याची ठरावी, आणि पुढें तिच्यावरूनच एखाद्या परंपरेचा निर्णय व्हावा, हा अनर्थ टाळला पाहिजे.

यास्तव आम्ही तीन कसोट्या सुचवितों. पहिली यज्ञोपवीताची. व्यायाम करणारा ब्राह्मण असून त्याचें जानवें उजव्या खांद्यावर दिसत असेल, तर पितृकार्यांतील अपसव्य येथें संभवत नाहीं. चित्रच उलटें उमटलें असें समजावें. दुसरी खांबाच्या घडणीची. पुरलेला मल्लखांब वर निमुळता होत जातो. त्यास मान असते व माथ्यावर बोंड असतें. सरळसोट खांब दाखविणाऱ्या कारागिरानें मूळ वस्तु पाहिली नसावी, असा संशय घेणें रास्त आहे. तिसरी साधनाची. दोरीच्या मल्लखांबाच्या जागीं पूर्वीं वेत असे; म्हणून दोरी दिसतांच तें चित्र जुनें मानण्याची घाई करूं नये.

या कसोट्यांस उतरलेलें चित्रही एका क्षणाचीच साक्ष देतें. उडी कोठून घेतली, पकड कशी सुटली, हें त्यांत नसतें. तें ग्रंथांत आणि गुरुमुखांत शोधावें लागतें. बाराव्या शतकांतील चालुक्य नृपति सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासां’त मल्लांच्या स्तंभावरील श्रमाचा निर्देश आहे, यावरून बाळंभटदादा हे या विद्येचे जनक नव्हेत, पुनरुज्जीवक होत, असें मानणें आम्हांस युक्त वाटतें. त्यांच्या थोरवीस यानें उणेपणा येत नाहीं. बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळांत दहा खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘व्यायाम-ज्ञानकोशां’त चित्र व वर्णन यांची जोड घातलेली आहे, ती याच कारणास्तव उपयुक्त होय.

नासिक परिसरांतील जुन्या वाड्यांतून अशीं चित्रें कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं तीं चौकटींतून सोडवून पाठीमागील बाजूसह तपासावीं, आणि कोणा जाणत्या वस्तादास अवश्य दाखवावीं. कागद पारखणारा आणि खांबावर चढणारा असे दोघे एकत्र बसल्यावांचून या चित्रांचा अर्थ पुरता लागणार नाहीं.